शेऱ्याचा रकाना कोरा का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमचं घर चौतीस फूट लांब आणि अठरा फूट रुंद आहे. हे माप मला लग्न होऊन आले तेव्हापासून पाठ आहे, कारण शहाबादी फरशी घालताना गवंड्याने दोन हात जास्तीची फरशी मागवली होती आणि माझे सासरे पुढची वीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट मापासकट सांगत असत. नगरपरिषदेच्या चतुर्थ वार्षिक कर आकारणीची विशेष नोटीस यंदा जानेवारीत हातात पडली. तिच्यातही तळमजल्याचं क्षेत्र ५६.८६ चौरस मीटर, म्हणजे तेच चौतीस गुणिले अठरा, अगदी बरोबर आहे. मापाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या पुढच्या रकान्याबद्दल. 'वापर' या रकान्यात सबंध तळमजल्यापुढे एकच शब्द लिहिलाय : वाणिज्य.

त्या तळमजल्यात आमची पिठाची गिरणी आहे, ती चौदा बाय सोळा. तिला लागून मसाला कांडपाची खोली, दहा बाय बारा. दोन्ही मिळून ३४४ चौरस फूट. उरलेल्या २६८ फुटांत स्वयंपाकघर, मोरी, वर जाणारा जिना आणि सासूबाईंची खोली. नोटीस वाचून दाखवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मी कसला धंदा करते, तेवढं विचारून ये त्यांना."

मोजणी कशी झाली तेही सांगते. एका खाजगी एजन्सीची दोन मुलं पावसाळ्यात आली होती. गिरणीत दळणाची रांग होती, मी पट्टा चढवत होते. एकाने लेझरचं यंत्र भिंतीला लावलं, दुसऱ्याने हातातल्या टॅबवर बोट ठेवून विचारलं, "मावशी, खाली काय आहे?" मी म्हणाले, "गिरणी." त्याने बोट दाबलं आणि दोघं शेजारच्या घरी गेले. माझ्या त्या एका शब्दाची किंमत वर्षाला १,९३६ रुपये निघाली. मागच्या दाराने येऊन पाहिलं असतं तर चूल दिसली असती. तेही राहू द्या, बाहेरच्या भिंतीवर दोन वीजमीटर शेजारी शेजारी आहेत, एक गिरणीचा थ्री फेज आणि एक घराचा. वापर किती जागेचा कसा, याचा पुरावा भिंतीवरच टांगलेला आहे.

हिशेब मांडते. ज्यांना नोटीस आलीय त्यांना आपापली नोटीस शेजारी ठेवून तपासता येईल. आमच्यासारख्या नगरपरिषदांत, १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे, घर वर्षभर भाड्याने दिलं असतं तर किती भाडं आलं असतं ते धरतात, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करतात आणि जे राहतं ते करयोग्य मूल्य. आमच्या भागाला वाणिज्य वापराचा दर महिन्याला चौरस मीटरमागे ३८ रुपये आणि निवासी वापराचा १४ रुपये लावलाय. सगळा तळमजला ३८ ने धरला तर दहा टक्के जाऊन २३,३३५ रुपये होतात. वरच्या दोन खोल्यांचे निवासी दराने ५,६१९. एकूण २८,९५४. त्यावर सगळे कर आणि उपकर मिळून साधारण तीस टक्के धरले की ८,६८६ रुपये. आता तळमजल्याची गिरणी-कांडप वेगळी आणि घर वेगळं धरून पाहा : १३,११६ अधिक ३,७६५ अधिक वरचे ५,६१९, म्हणजे बरोबर २२,५०० आणि कर ६,७५०.

मागच्या वर्षी आम्ही भरले होते ३,१४०. म्हणजे माझ्याच हिशेबानेही कर दुपटीच्या वर जातो. तो मी भरणार आहे. इथे माझी एक चूक कबूल करते : कांडपाची खोली २०२१ सालची आहे आणि तिची नोंद मी आपण होऊन केली नव्हती. त्याआधी तिथे सरपण ठेवायचो आणि उताऱ्यावर ती जागा तशीच राहिली. पाच वर्षं मी कमी कर भरला. त्यामुळे "घरपट्टी वाढवू नका" म्हणून मोर्चात घोषणा देण्याचा मला नैतिक अधिकार नाही आणि ती माझी मागणीही नाही.

आकारणी दर चार वर्षांनी व्हायलाच हवी. आमच्याकडे निवडणूक जवळ आली की तिला स्थगिती मिळते, मग दोन फेऱ्यांची वाढ एकदम अंगावर येते आणि लोक पुन्हा स्थगिती मागायला मंत्र्यांकडे जातात. नगरपालिकांची जकात १९९९ साली बंद झाली. त्यानंतर गावाच्या स्वतःच्या हातात सांगण्यासारखं उत्पन्न म्हणजे घरपट्टीच. बाकीचं सरकार अनुदान म्हणून देतं, आणि देताना अटी घालतं. पंधराव्या वित्त आयोगाने तर साफच सांगितलं होतं की मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करा आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या वेगाने वाढवून दाखवा, तरच शहरांना अनुदान. तेव्हा ही नोटीस कुणा एका मुख्याधिकाऱ्याच्या डोक्यातून निघालेली नाही, हे चौकात ओरडणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं.

बिलातला एक कर तर मी सगळ्यात आधी मान्य करते. गिरणी बिगरनिवासी म्हणून तिला रोजगार हमी उपकर लागतो, राहत्या घराला तो नसतो. सासूबाई १९७२ च्या दुष्काळात नव्या नवरी होत्या आणि तालीच्या कामावर खडी फोडायला जायच्या. त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर अजून वण आहे. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे यांनी आमच्याच बाजूच्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, ही योजना आधी करून पाहिली होती, हे मी शाळेत नाही, सासूबाईंकडून शिकले. तेव्हा त्या ओळीतल्या रुपयांबद्दल आमच्या घरात कुणी चकार शब्द काढत नाही.

आता कांडपाच्या खोलीबद्दल, कारण खरी गंमत तिथेच आहे. २०२१ साली मी मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज घेतलं. प्रकल्प ३ लाख २० हजारांचा : कांडप यंत्र, मोटार, वायरिंग, पत्रा. शहरी भागातल्या महिलेला पंचवीस टक्के अनुदान, म्हणजे ८० हजार. माझे स्वतःचे पाच टक्के, सोळा हजार. बाकी बँक. अनुदान हातात मिळत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून पडून राहतं, धंदा चालू आहे असं पाहिल्यावर कर्जात वळतं होतं. पाहणीला साहेब आले तेव्हा त्यांनी यंत्राचा, खोलीचा, पाटीचा आणि माझा यंत्राशेजारी उभं राहिलेला असे चार फोटो काढले. खोलीची लांबी-रुंदी त्यांच्या अहवालात आहे. म्हणजे सरकारच्या एका कपाटात 'दहा बाय बारा, कांडप' असं शिक्क्यानिशी लिहिलेलं आहे, आणि त्याच सरकारच्या दुसऱ्या कपाटात माझं स्वयंपाकघर दुकान झालंय. एका हाताने ८० हजार दिले ते धंदा वाढावा म्हणून. दुसऱ्या हाताने त्याच धंद्यापायी घरावर दुकानाचा कर लावला. या दोन हातांची कधी गाठ पडत नाही का, एवढाच माझा प्रश्न आहे.

हरकत द्यायला मी कर विभागात गेले, तेव्हा आकारणी यादी पाहायला मागितली. ती पाहण्याचा हक्क प्रत्येक मालमत्ताधारकाला आहे, पण मागणारी त्या दिवशी मी एकटीच होते. बाकी सगळे खिडकीपाशी छापील अर्ज भरत होते. "पत्नीच्या आजारपणामुळे कर भरणे शक्य नाही" असंही एकाने लिहिलं होतं. त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं की सुनावणीत आजारपण चालत नाही, माप, वापर, बांधकामाचा प्रकार आणि वय एवढंच चालतं. क्लार्क बाई चांगल्या होत्या, त्यांनी बसायला स्टूल दिलं. दीड तास मी आमचा वॉर्ड आणि त्याला लागून असलेला बायपासचा वॉर्ड चाळला.

यादीच्या शेवटी एक रकाना आहे : शेरा. आमच्या गल्लीत तो जवळजवळ सगळीकडे भरलेला आहे. 'पत्र्याचे शेड वाढीव.' 'ओटा बंदिस्त.' 'जिन्याखाली दुकान.' आमच्या पुढे 'गिरणी.' कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या पुढे 'शिलाई मशीन २.' मोबाइल टॉवरच्या मालमत्तेपुढेही व्यवस्थित शेरा आहे. टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली म्हटलं होतं. आणि बायपासला पोचलं की रकाना कोरा होत जातो. ज्या लॉनवर गेल्या मेमध्ये माझ्या भाच्याचं लग्न झालं, जिथे आठशे पानं उठली, ती जागा यादीत 'मोकळा भूखंड' आहे. तिच्याशेजारी गाड्यांची एक शोरूम आहे, काचेची, दुमजली. तिचं क्षेत्र भरलंय, दर मात्र आमच्या गिरणीपेक्षा कमी आहे, आणि शेरा काही नाही. असेलही कारण. विभाग वेगळा पडत असेल, परवानगीचं काम अर्धवट असेल, अपिलाचा निकाल असेल. मी कुणावर आरोप करत नाही, म्हणून लॉनचं आणि शोरूमचं नावही लिहीत नाही. पण कारण असेल तर ते लिहायला पाच सेंटिमीटरची जागा मोकळी आहे. शिंप्याची शिलाई यंत्रं मोजून लिहिणाऱ्याला आठशे पानांचं लॉन दिसत नाही, हे पटत नाही.

हे सगळं प्रशासकाच्या काळात झालं. चार वर्षं गावाला नगरसेवक नव्हते. गेल्या डिसेंबरात निवडणूक झाली, नवे लोक निवडून आले, आणि आता घरपट्टीबद्दल विचारलं की प्रत्येकाचं उत्तर तयार आहे, "ते प्रशासकाने केलं." ठीक आहे. पण नव्या सभागृहात जो ठराव आला तो तर प्रशासकाने केला नाही ना? बायपासवरच्या मोठ्या वाणिज्य मालमत्तांचे दर 'उद्योगवाढीस चालना मिळावी म्हणून' कमी करण्याबाबत शासनाकडे प्रस्ताव पाठवावा, असा तो ठराव. चर्चा किती झाली म्हणाल तर मी गॅलरीत बसून ऐकली : सूचक, अनुमोदक आणि "सर्वानुमते". माझ्या गिरणीत दळणाला नंबर लावण्यावरून याहून जास्त चर्चा होते.

धंद्याला सवलत देऊ नये असं माझं म्हणणं नाही. मीच सवलत घेतलेली बाई आहे. महाराष्ट्र सरकार १९६४ पासून उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना चालवतं. तालुक्यांची ए, बी, सी, डी, डी प्लस अशी वर्गवारी असते, मागास तालुक्यात गेलात तर सवलत जास्त. वीज शुल्कात, मुद्रांक शुल्कात सूट, कराचा काही भाग परत. पण त्यासाठी कारखान्याला पात्रता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यावर गुंतवणूक किती, सवलत किती वर्षं, कमाल किती रुपयांपर्यंत, हे लिहिलेलं असतं. कामावर ऐंशी टक्के स्थानिक माणसं घ्यायची अशी अट असते. ती किती पाळली जाते हा वेगळा विषय, पण अट कागदावर असते, त्यामुळे विचारायला तरी जागा असते. मला ८० हजार दिले तेव्हा सरकारने तीन वर्षं माझ्यावर नजर ठेवली, फोटो काढले. आमच्या गावच्या ठरावात बायपासवाल्यांनी किती माणसं कामाला लावायची, सूट किती वर्षं, ती दिल्याने गावाचं किती उत्पन्न बुडणार आणि ते कुणाकडून भरून काढणार, यातलं काहीच नाही. भरून कुणाकडून काढणार हे मला नोटिशीतून कळलंय.

मोठ्या शहरांतही याच गोष्टीवरून काय काय झालं ते आपण छापत आलेले आहात. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला चाळीस टक्के सवलत १९७० पासून होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, सवलत थांबली, लोकांना फरकाची बिलं गेली, आणि २०२३ साली सरकारने ती पुन्हा चालू केली. माझी नणंद धायरीला राहते. आपण आपल्याच घरात राहतो हे सिद्ध करायला तिला पीटी-३ चा अर्ज घेऊन दोनदा खेटे घालावे लागले. मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ च्या सुरुवातीला करमाफी जाहीर झाली. तिथल्या लहान घरवाल्यांचं मला बरं वाटलं, पण आमच्या वरच्या दोन खोल्या चारशे फुटांच्या आहेत आणि त्यांना माफी नाही, कारण आमची नगरपरिषद मुंबईसारखी श्रीमंत नाही. नाशिकला २०१८ साली आयुक्तांनी दर एकदम वाढवले, मोकळ्या जमिनीही कराच्या कक्षेत घेतल्या, शेतकऱ्यांपासून बिल्डरांपर्यंत सगळे रस्त्यावर आले आणि मग काही दर खाली आणावे लागले. सूट देताना आणि वाढ करताना, दोन्ही वेळा, हिशेब लोकांपुढे नंतर येतो. आधी ओरड, मग हिशेब.

आणि जो ओरडत नाही, वेळेवर भरतो, त्याच्या वाट्याला काय? कर थकवला तर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. वर्षाला चोवीस. सावकाराची आठवण यावी असा हा दर आहे. पण दोन-तीन वर्षं दम धरलात तर अभय योजना येते आणि शास्ती माफ होते. आमच्या गल्लीत एका माणसाने गेल्या वेळी याच हिशेबाने कर थकवला आणि माफी घेऊन पेढे वाटले. मी एप्रिलमध्ये भरले होते, मला फक्त पेढा मिळाला.

म्हणून माझी मागणी एकच आहे आणि तिला पैसा लागत नाही. आकारणी यादीतला शेऱ्याचा रकाना सगळ्यांचा भरा. जिथे दर कमी लावलाय तिथे का कमी ते लिहा. जिथे माफी आहे तिथे कुठल्या नियमाने ते लिहा. धंद्याला म्हणून सूट देणार असाल तर त्या मालमत्तेपुढे किती रुपयांची, कुठल्या सालापर्यंत आणि कशाच्या बदल्यात, हे लिहा. आणि ती यादी कर विभागाच्या कपाटात नको, वॉर्डावॉर्डात लावा. मतदार यादी नाही का लावत? आमच्या मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर लावा, मी चिकटवायला खळ करून देते, पिठाला तोटा नाही.

नव्या नगरसेवकांपैकी एकाला मी हे बोलून दाखवलं. तो माझ्या मुलाच्या वयाचा, गिरणीत दळण आणणारा. तो म्हणाला, "काकू, असं लिहिलं तर गावात भांडणं लागतील." लागतील की. आत्ताही लागतातच, फक्त ती मी आणि शिंपी यांच्यात लागतात. त्याचा दर माझ्यापेक्षा दोन रुपयांनी कमी आहे म्हणून तीन आठवडे मी त्याच्याशी नीट बोलले नाही. नंतर यादीत पाहिलं तर त्याचं घर मातीचं आहे, म्हणून कमी. रकान्यात लिहिलेलं होतं, म्हणून वाद तिथेच मिटला.

हरकत मी तीस दिवसांच्या आत दिली आहे. सोबत घराचा हाताने काढलेला नकाशा, दोन्ही वीजबिलं आणि कर्जाच्या वेळच्या पाहणी अहवालाची प्रत जोडली आहे. सुनावणीत जमलं नाही तर प्रांतांच्या अपील समितीकडे जायचं, पण तिथे जायचं तर मागणी केलेली रक्कम आधी भरावी लागते. ८,६८६ बाजूला काढून ठेवायचे म्हणजे यंदाचा मिरचीचा हंगाम संपेपर्यंत थांबावं लागेल. मार्च ते मे कांडप रात्री दहापर्यंत चालतं, त्यातून निघतील.

सुनावणी अजून व्हायची आहे, म्हणून खाली गावाचं आणि माझं नाव छापू नये ही विनंती. दोन्ही आपल्याकडे वेगळ्या कागदावर दिली आहेत. हरकतीची पोच माझ्याजवळ आहे, तिच्यावर नगरपरिषदेचा गोल शिक्का आहे, आवक क्रमांक आहे, क्लार्क बाईंची सही आहे. 'सुनावणीचा दिनांक' असं छापलेलं आहे, आणि त्याच्यापुढची जागा कोरी आहे.

आपली,
एक गिरणीवाली
(पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून)